शुगरची पट्टी आणि कार्बनची नळी

लातूर, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही मेडिकलवर पाच मिनिटं उभं राहा, एक तक्रार हमखास कानावर पडते: मशीन फुकटात दिलं अन् पट्ट्यांनी खिसा रिकामा केला. पंधरा-वीस रुपयांची पट्टी, थेंबभर रक्त लागलं की कचऱ्यात. यात कंपन्यांचा धंदा आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण तंत्राच्या बाजूने पाहिलं तरी मोल पट्टीचंच आहे. मशीनमध्ये एक बॅटरी, एक पडदा आणि अगदी बारीक करंट मोजणारी चिप, एवढाच ऐवज. रक्तातली साखर ओळखायचं खरं काम बोटाच्या पेराएवढ्या पट्टीत होतं.

या पट्टीची पुढची पिढी म्हणून गेली वीस-बावीस वर्षं कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीचं, नाव घेतलं जातंय. नॅनोट्यूब आणि ग्लुकोज सेन्सर हे दोन शब्द मथळ्यात असलेले शोधनिबंध ढिगाने निघाले. तरी मेडिकलच्या काउंटरवरची पट्टी आजही साध्या कार्बनच्या शाईची, नाहीतर धातूच्या पातळ थराची आहे. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी पट्टी आतून पाहायला हवी.

मुदत संपलेली एखादी कोरी पट्टी मिळाली तर ब्लेडने तिचे थर सोडवा आणि उजेडात धरा. सगळ्यात खाली प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर दोन-तीन काळ्या रेघा. ही कार्बनची शाई. लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे, त्याच तंत्राने या रेघा छापलेल्या असतात. मधे चिकट थर, त्याला एक अरुंद खाच. वर पारदर्शक फिल्म. टोकाला रक्त टेकवलं की ते खाचेतून आपोआप आत ओढलं जातं. अर्धा ते एक मायक्रोलिटर पुरतं. खाचेच्या तळाशी, रेघांच्या टोकांवर, बऱ्याच पट्ट्यांमध्ये फिकट पिवळसर डाग दिसतो. करामत सगळी त्या डागात. तिथे दोन गोष्टी वाळवून ठेवलेल्या असतात: एक एन्झाइम, म्हणजे ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, आणि एक मध्यस्थ रसायन.

आता आकडा बघू. रिपोर्टवर १०० लिहिलेलं असतं म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. या हिशेबाने अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि पट्टीत गेलेल्या एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचे काहीशे भाग केले तर त्यातला एक. तोही एकटा नाही. सोबत प्रथिनं, क्षार, चरबी, तांबड्या पेशी, युरिक ॲसिड, आणि सकाळी अंग दुखतंय म्हणून घेतलेली पॅरासिटामॉलची गोळी. या गर्दीतून फक्त ग्लुकोज वेचून त्याचा आकडा पाच सेकंदांत सांगायचा आहे.

वेचण्याचं काम एन्झाइम करतं. सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं एन्झाइम म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. ते मिळतं ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून. साठवणीतल्या कांद्याच्या सालीवर काळी भुकटी धरते ना, तीच ही बुरशी. हे एन्झाइम फार चोखंदळ आहे. आपल्या कारखान्यांत पोत्यांनी भरली जाणारी उसाची साखर म्हणजे सुक्रोज. तिच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही. त्याला ग्लुकोजच लागतं, तेही ठरावीक मांडणीचं, ज्याला रसायनशास्त्रात बीटा-डी-ग्लुकोज म्हणतात. तो रेणू मिळाला की एन्झाइम त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि त्याचं ग्लुकोनोलॅक्टोन करून सोडून देतं. जितकं ग्लुकोज, तितके इलेक्ट्रॉन. ते मोजले की शुगर मोजली.

पण एन्झाइमने घेतलेले इलेक्ट्रॉन बाहेर तारेपर्यंत आणायचे कसे? ग्लुकोज सेन्सरचा साठ वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

निसर्गात हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेऊन जातो आणि त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. लेलंड क्लार्क यांनी पहिला सेन्सर केला तो याच पायावर. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तातला ऑक्सिजन मोजायला त्यांनी आधी एक इलेक्ट्रोड, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं-घेणारं टोक, बनवला होता. १९६२ साली चॅम्प लायन्स यांच्यासोबत त्यांनी सुचवलं, की त्याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर ठेवा. ग्लुकोज आलं की ऑक्सिजन खर्च होईल, किती खर्च झाला ते मोजा. पुढे ऑक्सिजनऐवजी तयार झालेलं पेरॉक्साइड मोजायची पद्धत रुळली आणि १९७५ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत वापरायचं पहिलं व्यापारी यंत्र आलं. ही झाली पहिली पिढी.

तिच्यात दोन खोडी होत्या. रक्तात ग्लुकोजच्या मानाने विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे शुगर फार वाढली की ऑक्सिजन पुरत नाही आणि आकडा कमी दिसू लागतो. दुसरी खोड जास्त त्रासदायक. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पेरॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन काढायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट द्यावे लागतात. एवढ्या दाबाखाली क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड, पॅरासिटामॉल हे सगळेच आपापले इलेक्ट्रॉन सोडायला लागतात. मशीनला इलेक्ट्रॉन कुठून आला ते कळत नाही, ते नुसतं मोजतं. गोळी घेतलेल्या माणसाची शुगर मग उगाच चढलेली दिसते.

दुसऱ्या पिढीने ऑक्सिजनला बाजूला सारलं आणि त्याच्या जागी मध्यस्थ रसायन आणलं. हे रसायन एन्झाइममधून इलेक्ट्रॉन घेतं, इलेक्ट्रोडपर्यंत जातं, तिथे देतं आणि परत येतं. इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८४ मध्ये फेरोसीन नावाच्या लोहयुक्त संयुगाने हे करून दाखवलं, आणि तीनच वर्षांत पेनाच्या आकाराचा घरगुती ग्लुकोमीटर बाजारात आला. आपल्या पट्टीतला पिवळसर डाग असतो तो बहुधा फेरिसायनाइडचा. तोही मध्यस्थच. त्याचं काम कमी व्होल्टवर भागतं, म्हणून बाकीच्यांची लुडबुड कमी होते.

मध्यस्थ मुळात कशासाठी लागतो, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण नॅनोट्यूबची सगळी कथा तिथून सुरू होते.

ग्लुकोज ऑक्सिडेज हा चांगला थोराड रेणू. वजन सुमारे १ लाख ६० हजार डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन), दोन सारखे भाग जोडून बनलेला, बाहेरून शर्करेच्या साखळ्यांनी वेढलेला. इलेक्ट्रॉन धरून ठेवणारा भाग, ज्याला एफएडी म्हणतात, तो प्रथिनाच्या पोटात सुमारे दीड नॅनोमीटर आत दडलेला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, त्यामुळे दीड नॅनोमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण इलेक्ट्रॉनला प्रथिनातून पलीकडे उडी मारायची असते तेव्हा अंतर जरा वाढलं की वेग दसपटी-दसपटीने पडतो. साधारण १.४ नॅनोमीटरच्या पुढे ही उडी कामाची राहत नाही. म्हणजे एन्झाइम इलेक्ट्रोडवर नुसतं आणून टेकवलं तर इलेक्ट्रॉन आतच राहतात.

गावाकडचा जुना आड डोळ्यासमोर आणा. पाणी आहे, पण तळाला. मध्यस्थ रसायन म्हणजे पोहरा: खाली जातो, भरून येतो, रिकामा होतो, पुन्हा खाली. काम होतं, पण खेप करावी लागते, आणि पोहरा दोर सोडून वाहूनही जाऊ शकतो. एका वापराच्या पट्टीत तो वाहून गेला तरी बिघडत नाही. अंगात पंधरा दिवस ठेवायच्या सेन्सरमध्ये बिघडतं. मग कुणाच्याही मनात येईल, की पोहरा कशाला, थेट पाइपच सोडू. तिसऱ्या पिढीचं स्वप्न ते हेच, आणि पाइप म्हणून नाव पुढे आलं कार्बन नॅनोट्यूबचं.

पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले पापुद्रे. त्यातला एक अणूभर जाडीचा पापुद्रा गुंडाळून नळी केली की ती एकपदरी नॅनोट्यूब. व्यास एक-दोन नॅनोमीटर. एकात एक अशा बऱ्याच नळ्या असल्या तर बहुपदरी. लांबी काही मायक्रॉन, म्हणजे जाडीच्या हजारपट आणि त्याहूनही जास्त. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी या नळ्यांचं सविस्तर वर्णन छापलं आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. अशा कार्बन नळ्यांची चित्रं १९५२ मध्येच दोन रशियन शास्त्रज्ञांनी छापली होती, पण ती रशियन नियतकालिकात होती आणि बाहेर फारशी कुणी वाचली नाहीत.

पापुद्रा कोणत्या कोनात गुंडाळला त्यावर नळीचा स्वभाव ठरतो: काही धातूसारख्या वीज वाहतात, काही अर्धवाहक निघतात. भट्टीतून निघालेल्या एकपदरी नळ्यांत ढोबळमानाने एक तृतीयांश पहिल्या जातीच्या, दोन तृतीयांश दुसऱ्या. वेगळ्या करणं महागाचं काम. बहुपदरी स्वस्त पडतात आणि सेन्सरमध्ये बहुतेक त्याच वापरल्या जातात.

प्रयोगशाळेत यांचं पहिलं दर्शन मुळीच रुबाबदार नसतं. छोट्या कुपीत काजळी. पाण्यात टाकली की तरंगते, हलवली की गोळे होऊन तळाला बसते. नळ्यांना एकमेकींना चिकटून राहायला आवडतं, पाण्याशी त्यांचं जमत नाही. म्हणून आधी नायट्रिक ॲसिडमध्ये, कधी सल्फ्युरिक मिसळून, त्या उकळायच्या. टोकं उघडतात, तुटलेल्या जागी ऑक्सिजनचे गट बसतात आणि मग पाण्यात थोड्या मोकळ्या होतात. त्या गटांना एन्झाइम रासायनिक बंधाने जोडताही येतं. पुढे ध्वनिलहरींच्या टबात घोळवायच्या. २००३ मध्ये जोसेफ वांग यांच्या गटाने नॅफिऑन नावाच्या पॉलिमरच्या द्रावणात नळ्या छान विखुरतात हे दाखवलं आणि सगळ्यांचं काम सोपं झालं. नॅफिऑनवर ऋण भार असतो, त्यामुळे तो युरिक ॲसिड आणि क जीवनसत्त्वासारख्या ऋणभारित मंडळींना परतही लावतो. एका दगडात दोन पक्षी.

मग तीन मिलिमीटर व्यासाचा काचेसारखा चकचकीत कार्बन इलेक्ट्रोड घ्यायचा, ॲल्युमिनाच्या भुकटीवर इंग्रजी आठाच्या आकारात घासून आरसा करायचा, त्यावर त्या काळ्या द्रावणाचे पाच-दहा मायक्रोलिटर सोडायचे आणि वाळू द्यायचे. हे काम शेजारी बसून पाहिलं तर एक गोष्ट लगेच कळते. थेंब सगळीकडे सारखा वाळत नाही. कडेला काळं वर्तुळ, मधे विरळ. पाच इलेक्ट्रोड करा, पाचही जरा वेगळे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर नॅनोट्यूबने मिळतं काय? पहिलं, जागा. तेवढ्याच तीन मिलिमीटरवर नळ्यांचं जंगल उभं राहतं आणि एन्झाइम बसायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. करंट वाढतो. यात वादच नाही.

दुसरं, पेरॉक्साइड कमी व्होल्टवर प्रतिसाद देतं. ०.६ च्या जागी ०.२-०.३ व्होल्ट, काही निबंधांत तर शून्याच्या आसपास. व्होल्ट उतरले की पॅरासिटामॉल गप्प बसतं. हा फायदा पहिल्या पिढीच्या सेन्सरला मोठाच म्हणायचा. पण इथे एक मेख निघाली. नॅनोट्यूब वाढवतात त्या लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या कणांवर. उत्प्रेरक म्हणून ते लागतातच. ॲसिडमध्ये उकळूनही त्यातले काही कण नळ्यांत अडकून राहतात. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की त्यांनी तपासलेल्या बहुपदरी नळ्यांवर पेरॉक्साइडला दाद देणारी जागा कार्बन नव्हतीच. ते होते उरलेले लोह ऑक्साइडचे कण. काम मजुराचं आणि नाव मुकादमाचं, असला प्रकार. नळी वेगळ्या भट्टीतली आली, लोह कमी-जास्त झालं, की सेन्सरही बदलला.

तिसरा दावा सगळ्यात मोठा: नळी थेट एन्झाइमच्या पोटातून इलेक्ट्रॉन आणते. २००२ पासून असे निबंध येऊ लागले. पुरावा म्हणून एक आलेख दाखवला जायचा. इलेक्ट्रोडचं व्होल्टेज खाली-वर फिरवलं की करंटला दोन सुबक उंचवटे येतात, वजा ०.४५ व्होल्टच्या आसपास. ते एफएडीचे. म्हणजे एफएडी आणि इलेक्ट्रोड यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण चालू आहे. पाइप तळाला पोचला!

शंका घेणाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: पाइपातून पाणी आलं हे खरं, पण ते आडातलं की काठावर सांडलेलं? नॅनोट्यूबवर बसताना काही एन्झाइम उलगडतात आणि त्यांच्यातलं एफएडी सुटून नळीला चिकटतं. बाजारात मिळणाऱ्या एन्झाइमच्या पावडरीतही थोडं सुटं एफएडी असतंच. सुट्या एफएडीचे उंचवटे जवळपास त्याच व्होल्टवर येतात. दोघांत फरक करायची कसोटी अवघड नाही. द्रावणातून नायट्रोजन सोडून सगळा ऑक्सिजन घालवायचा आणि मग ग्लुकोज टाकायचं. इलेक्ट्रॉन खरोखर जिवंत एन्झाइममधून येत असतील तर करंट चढायला हवा, कारण ग्लुकोज नवे इलेक्ट्रॉन पुरवत राहणार. बहुतेक निबंधांत ही कसोटी एकतर घेतलेली नाही, किंवा घेतली तर करंट चढलेला नाही. ग्लुकोजला प्रतिसाद म्हणून जे दाखवलं जातं ते म्हणजे ऑक्सिजनचा करंट कमी होणं. म्हणजे क्लार्कची १९६२ ची युक्ती, नव्या कपड्यांत.

२०१६ मध्ये जॉर्ज विल्सन यांनी मूळ रूपातलं ग्लुकोज ऑक्सिडेज थेट इलेक्ट्रॉन देत नाही असं ठामपणे लिहिलं. दोन वर्षांनी फिलिप बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने आधीचे दावे एकेक करून तपासले आणि निष्कर्ष मथळ्यातच टाकला: नॅनोट्यूब किंवा ग्राफीनवर (ग्राफाइटचा तो एक अणूभर जाडीचा पापुद्रा, न गुंडाळलेला) असं होतं याला पुरावा नाही. त्यानंतरही थेट इलेक्ट्रॉनचे निबंध थांबले नाहीत. माझ्या मते याचं कारण शास्त्रात कमी आणि व्यवस्थेत जास्त आहे. मथळ्यात नॅनो असला की निबंध छापून येतो, प्रकल्पाला पैसे मिळतात. ऑक्सिजन घालवून केलेली आणि आपलाच दावा पाडणारी मोजणी कोण छापणार?

थेट पाइप मुळीच शक्य नाही असं मात्र नाही. इस्रायलमध्ये इतामार विलनर यांच्या गटाने २००४ मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली. सोन्याच्या पृष्ठभागावर एकपदरी नळ्यांचे तुकडे उभे बसवले, नळीच्या वरच्या टोकाला एफएडी रासायनिक बंधाने जोडलं, आणि मग एफएडी काढून घेतलेलं पोकळ एन्झाइम आणून त्यावर चढवलं. म्हणजे आधी तळाला पाइप रोवला आणि आड त्याच्याभोवती बांधला. इथे ग्लुकोज टाकल्यावर करंट खरोखर चढला, आणि इलेक्ट्रॉन नळीतून दीडशे नॅनोमीटरहून लांब गेले. प्रयोग म्हणून अप्रतिम. पण पंधरा रुपयांच्या पट्टीसाठी हे करायचं म्हटलं तर हिशेब जुळत नाही.

पट्टीची खरी दुखणी

सेन्सरची संवेदनशीलता वाढली म्हणजे रुग्णाचा फायदा झाला, असं गृहीत धरलं जातं. रक्ताच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. रक्तात ग्लुकोज मुबलक असतं; लिटरला पाच-सहा मिलिमोल (रिपोर्टवरच्या भाषेत शंभरच्या आसपास) म्हणजे रसायनाच्या मापाने भरपूर. साध्या कार्बनच्या शाईवरही काही मायक्रोअँपिअरचा करंट येतो आणि चिपला तो आरामात मोजता येतो. आकडा चुकतो तो दुसऱ्याच कारणांनी.

आंतरराष्ट्रीय मानक, २०१३ चं आयएसओ १५१९७, एवढंच मागतं: शंभरापैकी ९५ वेळा आकडा खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत यावा, आणि शुगर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी शुगर २०० असताना मशीनने १७० दाखवलं किंवा २३० दाखवलं, दोन्ही नियमात बसतं. सकाळी एका मशीनवर १८२ आणि लगेच शेजाऱ्याच्या मशीनवर २०५ आली म्हणून भांडायला जाऊ नका.

या १५ टक्क्यांना धक्का कोण देतं? आपल्याकडे पहिला नंबर रक्तक्षयाचा. तांबड्या पेशी कमी असल्या की थेंबात पातळ द्रव जास्त असतो, ग्लुकोज पट्टीवर लवकर पोचतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. कोयत्यावर जाणाऱ्या बीड-धाराशिवकडच्या मावशीचं हिमोग्लोबिन सात-आठ असेल तर तिची पट्टीवरची शुगर आणि लॅबची शुगर यांत अंतर पडणारच. उलट, उन्हात दिवसभर पाणी न पिता राबलेल्या माणसाचं रक्त घट्ट होतं आणि त्याचा आकडा कमी दिसू शकतो. नव्या काही मशीन रक्ताचा घट्टपणा वेगळा मोजून आकडा सुधारून घेतात. स्वस्तातल्या सगळ्याच घेत नाहीत.

दुसरा नंबर उन्हाळ्याचा. पट्ट्यांच्या डबीवर बहुतेक लिहिलेलं असतं, ३० अंशांच्या आत ठेवा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर. उष्णतेने एन्झाइम हळूहळू मरतं, तेव्हा आकडा कमी येतो. डबीचं झाकण उघडं राहून दमट हवा आत गेली तर फेरिसायनाइड आपोआप थोडं थोडं रूप बदलतं, आणि ग्लुकोज नसतानाच काही करंट दिसायला लागतो. डबीच्या झाकणात ओलावा शोषणारं रसायन असतं ते उगाच नाही. पट्ट्या सुट्या काढून औषधांच्या पिशवीत टाकणारे बरेच आहेत. पावसाळ्यात तर हे अजिबात करू नये. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर पाणी धरतं. मातीच्या माठाच्या बाजूला नाही, आतल्या थंड खोलीत, झाकण घट्ट लावून.

आणि हात. केसर आंबा कापून झाल्या झाल्या बोट टोचलं तर बोटावरच्या रसातलं ग्लुकोज रक्तात मिसळतं. एक मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम हा हिशेब आठवा. रसाचा पुसट थरही आकडा कुठल्या कुठे नेतो. साबणाने हात धुऊन कोरडे करणं हा कुठल्याही नॅनोतंत्रापेक्षा मोठा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

नॅनोट्यूबने यातलं काय सुटतं? रक्तक्षय नाही, आंबाही नाही. उष्णतेबाबत थोडं: नळ्यांच्या जाळीत नीट बसवलेलं एन्झाइम काही प्रयोगांत जास्त टिकलेलं दिसतं. पण उत्पादनाचा मोठा प्रश्न नव्याने उभा राहतो. तो थेंब कडेला काळा आणि मधे विरळ वाळला होता, आठवतं? कारखान्यात एका खेपेला लाखो पट्ट्या निघतात आणि प्रत्येकीने सारखाच करंट द्यायला हवा, कारण प्रत्येक पट्टी वेगळी तपासून विकता येत नाही, तपासली की ती संपते. साधी कार्बन शाई वर्षानुवर्षं एकसारखी मिळते. नळ्यांची लांबी, पदर, उरलेलं लोह, ॲसिडने केलेली झीज, सगळंच खेपेगणिक बदलतं.

दरम्यान बाजारही पुढे सरकला. बऱ्याच नव्या पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे एन्झाइम आलं. त्याला ऑक्सिजनशी देणंघेणं नसतं, त्यामुळे जुनी एक खोड आपोआप गेली. आणि दंडावर चिकटवून चौदा दिवस शुगर दाखवणारे जे सेन्सर २०१४ पासून आले, त्यांतल्या एका प्रसिद्ध सेन्सरमध्ये ऑस्मियमचे अणू पॉलिमरच्या साखळीला कायमचे बांधलेले असतात. ॲडम हेलर यांनी ही कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घडवत आणली. मध्यस्थ आहे, पण वाहून जात नाही. थेट पाइपाशिवायच अडचण सुटली.

मग ही नळी कुठे उपयोगी पडेल?

शरीराच्या आत म्हणाल तर सावध राहायला हवं. लांब, ताठ बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटाच्या आवरणात सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखा दाह झाला, हे २००८ मध्ये छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने यातल्या एका विशिष्ट प्रकाराला ‘कर्करोगकारक असू शकतो’ या गटात टाकलं आहे. पट्टीत पक्क्या बसलेल्या नळीपासून रुग्णाला तसा धोका दिसत नाही. धोका आहे तो कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला आणि विद्यार्थ्याला. प्रयोगशाळेत ही काजळी उघड्यावर तोलणारी मुलं मी पाहिली आहेत. तिथे मास्क आणि हवा ओढणारं कपाट हवंच हवं.

आपल्याकडेही या नळ्यांवर काम चालतं. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संवाहक पॉलिमर आणि कार्बन नॅनोट्यूब वापरून सेन्सर बनवण्याचं संशोधन बरीच वर्षं सुरू आहे, मुख्यतः वायू आणि जड धातू ओळखण्यासाठी. तिथे नळीची बाजू भक्कम आहे: मोजायचा पदार्थ अत्यल्प असतो आणि एन्झाइमच्या पोटात शिरायची गरजच नसते.

ग्लुकोजच्या बाबतीत एक वेगळी वाट प्रकाशाची आहे. अर्धवाहक एकपदरी नळ्यांवर प्रकाश पाडला की त्या अवरक्त प्रकाश बाहेर टाकतात, आणि असा प्रकाश कातडीतून बऱ्यापैकी आरपार जातो. मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने २००५ मध्ये नळ्यांभोवती ग्लुकोज ऑक्सिडेज आणि फेरिसायनाइड ठेवून दाखवलं, की ग्लुकोज बदललं की हा प्रकाश कमी-जास्त होतो. तार नको, बॅटरी नको, आणि नेहमीच्या रंगद्रव्यांसारखा तो प्रकाश विझतही नाही. पण नळ्या कातडीखाली ठेवायच्या म्हणजे वरचा सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा दारात.

दुसरी वाट घामाची. रक्ताच्या मानाने घामात ग्लुकोज दहापट ते शंभरपट कमी असतं. तिथे कार्बनची शाई तोकडी पडते. मोठा पृष्ठभाग आणि कमी व्होल्ट हे नळीचे दोन्ही खरे गुण कामी येतात. मनगटावर चिकटवायच्या पट्ट्यांमध्ये म्हणूनच नॅनोट्यूब आणि ग्राफीन यांचा वापर दिसतो. सोय तर मोठी: सुई नाही, रक्त नाही, आणि मराठवाड्यात मार्च ते जून घामाला तोटा नाही. पण घाम जास्त सुटला की त्यातलं ग्लुकोज विरळ होतं, कमी सुटला की पट्टी भिजतच नाही, कातडीवर आधीच सुकलेला घाम नव्यात मिसळतो, आणि रक्तातली शुगर चढल्यावर घामात ती काही मिनिटं उशिरा दिसते. त्यामुळे संशोधकांना आता ग्लुकोजच्या जोडीला घामाचा वेग, त्याचं तापमान आणि आम्लता हेही त्याच पट्टीवर मोजावं लागतंय, आणि तरीही घामाच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस ठरवता येईल असं उपकरण अजून डॉक्टरांच्या हाती आलेलं नाही.